टेबल टेनिस सामन्यांवरील पैज : संभाव्यतेचे गणित, कायद्याची चौकट आणि महाविद्यालयीन तरुण
(बुलढाणा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

सारांश

व्यावसायिक टेबल टेनिस सामन्यांच्या निकालावर पैज लावण्याचा व्यवहार गेल्या काही वर्षांत भ्रमणध्वनीच्या माध्यमातून जगभर पसरला आहे. प्रस्तुत लेखात या व्यवहाराचे गणित, त्यामागील मानसशास्त्र, भारतातील व महाराष्ट्रातील कायद्याची स्थिती आणि ग्रामीण महाविद्यालयीन तरुणांवर होऊ शकणारे परिणाम यांचे विवेचन केले आहे. कापसाच्या बाजारभावातून जन्मलेला आकड्यांचा सट्टा बुलढाणा जिल्ह्याला अपरिचित नाही. त्या पार्श्वभूमीवर नव्या स्वरूपातील पैज समजून घेणे प्राध्यापकवर्गाच्या दृष्टीने का आवश्यक आहे, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

बीजसंज्ञा : पैज, सट्टा, संभाव्यता, भाव, जुगार प्रतिबंधक कायदा, ऑनलाइन गेमिंग, तरुण वर्ग.

१. प्रस्तावना

द्यूत हा मानवाचा अतिप्राचीन छंद आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याच्या पश्चात्तापाचे वर्णन आढळते, तर महाभारताच्या कथानकाला द्यूतसभेतूनच निर्णायक वळण मिळते. मनूने द्यूताचा निषेध केला. कौटिल्याने मात्र ते राज्याच्या देखरेखीखाली आणले आणि जिंकलेल्या द्रव्यातून पाच टक्के भाग द्यूताध्यक्षाने घ्यावा, अशी तरतूद केली. बंदी घालावी की नियंत्रण ठेवावे, हा आजचा वाद इतका जुना आहे.

काळानुसार द्यूताची साधने बदलली. फाशांच्या जागी पत्ते आले, पत्त्यांनंतर आकडे आले आणि आता हातातील भ्रमणध्वनी हाच जुगाराचा अड्डा झाला आहे. पूर्वी अड्ड्यावर जाण्यास संकोच वाटे, ओळखीचा माणूस पाहील ही भीती असे. वसतिगृहाच्या खोलीत मध्यरात्री खेळल्या जाणाऱ्या पैजेला असा कोणताही सामाजिक अटकाव नाही. म्हणूनच हा प्रश्न केवळ पोलीस खात्याचा न राहता शिक्षणसंस्थांचाही झाला आहे.

२. कापसापासून आकड्यापर्यंत : स्थानिक पार्श्वभूमी

वऱ्हाड प्रांत एकोणिसाव्या शतकात कापसाचे कोठार म्हणून ओळखला जाऊ लागला. बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव ही त्या काळातील वऱ्हाडातील अग्रगण्य कापूस बाजारपेठ होती. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा रेल्वेफाटा सुरू झाला तो मुख्यत्वे कापसाच्या वाहतुकीसाठीच. कापसाचा भाव मुंबई, लिव्हरपूल व न्यूयॉर्क येथील घडामोडींवर हलत असल्यामुळे दूरच्या बाजारातील आकड्याकडे डोळे लावून बसणे हे व्यापाऱ्यांच्या अंगवळणी पडले.

मुंबईतील आकड्यांच्या सट्ट्याचा उगमही कापसातच आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या व बंद होणाऱ्या भावांवर पैजा लागत. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी हे भाव मिळेनासे झाल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळी मटका आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी न्यू वरळी मटका सुरू केला. भावाचा आधार गेला, तरी आकडा राहिला. विदर्भातील खेड्यापाड्यांत हाच प्रकार आजही 'वरली मटका' व 'सट्टापट्टी' या नावांनी ओळखला जातो. या इतिहासातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. सट्टा चालविणाऱ्यास घटना कोणती आहे याच्याशी कर्तव्य नसते. निकाल लवकर लागावा आणि तो वारंवार लागावा, एवढेच त्यास हवे असते. टेबल टेनिसची निवड याच कारणाने झाली.

येथे भाकीत व पैज यांतील फरक लक्षात घेणे उपयुक्त ठरेल. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला होणारी घटमांडणी सर्वपरिचित आहे. घटाभोवती मांडलेल्या धान्यांच्या स्थितीवरून पाऊस, पिके इत्यादींविषयी दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत वर्तविले जाते. त्यास शास्त्रीय आधार नाही, अशी टीका अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीने केली आहे. तथापि, ते भाकीत ऐकणाऱ्यास त्यासाठी दाम मोजावे लागत नाहीत. पैजेत मात्र प्रत्येक भाकितावर मूल्य लावलेले असते आणि ते मूल्य ठरविण्याचा अधिकार समोरच्या पक्षाकडे असतो.

३. टेबल टेनिसच का ?

टेबल टेनिस हा भारतास नवा खेळ नाही. आशिया खंडातील पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५२ मध्ये मुंबईतच झाली. त्या स्पर्धेत जपानच्या हिरोजी सातो याने स्पंजची जाड बॅट वापरून पुरुष एकेरीचे विजेतेपद पटकावले. नामांकित खेळाडूंना त्या बॅटवरून येणाऱ्या चेंडूचा अंदाजच येईना. मागील निकालांवर आधारलेला कोणताही अंदाज नव्या घटकापुढे कसा कोलमडतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे. व्यावसायिक स्वरूपात या खेळाची 'अल्टिमेट टेबल टेनिस' ही संघस्पर्धा भारतात २०१७ पासून सुरू झाली.

पैजेच्या बाजारात मात्र या खेळाला महत्त्व आले ते २०२० मध्ये. करोना साथीमुळे क्रिकेट, फुटबॉल इत्यादी स्पर्धा बंद पडल्या, तेव्हा मॉस्कोतील 'लिगा प्रो', युक्रेनमधील 'सेटका कप' यांसारख्या छोट्या स्पर्धा चालू राहिल्या. एक छोटी खोली, एक टेबल, दोन खेळाडू, एक पंच व कॅमेरा एवढ्या सामग्रीवर दिवसरात्र सामने घेता येतात आणि अर्ध्या तासाच्या आत निकाल लागतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १ मे २०२० पासून क्रीडा पैज वैध झाली. त्या पहिल्याच महिन्यात तेथील एकूण पैजांपैकी सुमारे चौथा हिस्सा टेबल टेनिसवर लागला होता.

ज्या सामन्यास प्रेक्षक नाहीत, ज्यातील खेळाडूंची नावे पैज लावणाऱ्यास सामन्याच्या आधी ठाऊक नसतात, त्या सामन्यावर लावलेली पैज ही खेळाच्या आवडीतून आलेली नसते, हे उघड आहे. खेळ येथे केवळ फाशाचे काम करतो.

४. संभाव्यतेचे गणित

४.१ गुणपद्धतीचा परिणाम : २००१ पूर्वी टेबल टेनिसचा एक गेम २१ गुणांचा असे. त्या वर्षापासून तो ११ गुणांचा करण्यात आला. या बदलाचा पैजेशी निकटचा संबंध आहे. समजा, एक खेळाडू दुसऱ्यापेक्षा सरस असून प्रत्येक गुण जिंकण्याची त्याची संभाव्यता ५५ टक्के आहे आणि प्रत्येक गुण स्वतंत्र आहे. दोन गुणांच्या आघाडीचा नियम धरून गणित मांडल्यास २१ गुणांचा गेम तो सुमारे ७५ टक्के वेळा, तर ११ गुणांचा गेम सुमारे ६९ टक्के वेळा जिंकतो. पाचपैकी तीन गेमच्या सामन्याचा विचार करता जुन्या पद्धतीत त्याच्या विजयाची संभाव्यता सुमारे ८९ टक्के, तर नव्या पद्धतीत सुमारे ८२ टक्के येते. तीनपैकी दोन गेमचा सामना असल्यास नव्या पद्धतीत ती ७७ टक्क्यांवर उतरते.

याचा अर्थ असा की, सामना जितका लहान तितका नशिबाचा वाटा मोठा. कौशल्याला आपला प्रभाव दाखविण्यासाठी पुरेसे गुण खेळले जावे लागतात. प्रेक्षकांच्या दृष्टीने ही अनिश्चितता रंजक आहे. परंतु "आपल्याला खेळ कळतो, म्हणून निकालही कळतो" असे मानणाऱ्या पैजकाराच्या दृष्टीने ती घातक आहे.

४.२ भावातील छुपा हिस्सा : पैज घेणारा प्रत्येक खेळाडूवर एक भाव जाहीर करतो. दोन्ही खेळाडू तुल्यबळ असतील तर न्याय्य भाव २.०० असावयास हवा. म्हणजे १०० रुपये लावून जिंकल्यास मूळ रकमेसह २०० रुपये परत मिळावेत. प्रत्यक्षात असा भाव मिळत नाही. तो १.८५ आहे असे समजू. १ ला १.८५ ने भागल्यास ५४.०५ टक्के येतात. दोन्ही खेळाडूंचे मिळून १०८.१ टक्के होतात. दोघांपैकी कोणीतरी एकच जिंकणार असल्याने खरी बेरीज १०० टक्केच असते. वरचे ८.१ टक्के हा पैज घेणाऱ्याच्या नफ्याचा आधार आहे. पैज लावणाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर प्रत्येक १०० रुपयांवर सरासरी ९२ रुपये ५० पैसे परत येतात आणि साडेसात रुपये जातात. तोटा टाळण्यासाठीसुद्धा त्याचा अंदाज शंभरपैकी ५४ हून अधिक वेळा बरोबर यावा लागतो.

४.३ पहिला दिवस आणि महिनाअखेर : साडेसात टक्के ही रक्कम किरकोळ भासते. परंतु सामने झटपट होत असल्यामुळे पैजांची संख्या वाढते. एखादा विद्यार्थी १.८५ भावाने, तुल्यबळ खेळाडूंच्या सामन्यांवर, रोज १०० रुपयांच्या १० पैजा लावतो असे मानू. पहिल्या दिवशी नफ्यात राहण्यासाठी त्याने १० पैकी ६ पैजा जिंकणे आवश्यक आहे. त्याची संभाव्यता सुमारे ३८ टक्के आहे. म्हणजे असे १०० विद्यार्थी असतील तर त्यांपैकी सुमारे ३८ जण पहिल्या दिवशी नफ्यात असतात. ३० दिवसांत ३०० पैजा होतात, उलाढाल ३०,००० रुपयांची होते आणि सरासरी तोटा २,२५० रुपयांचा येतो. महिनाअखेर नफ्यात राहण्यासाठी ३०० पैकी १६३ पैजा जिंकाव्या लागतात. त्याची संभाव्यता केवळ सुमारे ७ टक्के आहे.

या दोन आकड्यांतील अंतर हे पैजेच्या व्यवसायाचे मर्म आहे. पहिल्या दिवशीचे ३८ विजेते आपला अनुभव मित्रांना सांगतात. महिनाअखेरचे ९३ पराभूत बहुधा गप्प बसतात. महाविद्यालयाच्या आवारात त्यामुळे विजयाच्याच कथा ऐकू येतात.

५. मानसशास्त्रीय बाजू

गणित इतके स्पष्ट असताना सुशिक्षित तरुण पैजेकडे का वळतो, या प्रश्नाचे उत्तर मानसशास्त्र देते. बी. एफ. स्किनर यांनी दाखवून दिले की, बक्षीस नियमितपणे मिळण्याऐवजी अनिश्चित अंतराने मिळाल्यास ती कृती अधिक चिवटपणे चालू राहते. टेबल टेनिसवरील पैज नेमकी याच पद्धतीने बक्षीस देते. डॅनियल काहनेमान व अमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार मिळालेल्या लाभाच्या आनंदापेक्षा तेवढ्याच रकमेच्या हानीचे दुःख माणसास अधिक जाणवते आणि हानीच्या स्थितीत तो अधिक धोका पत्करतो. गेलेले पैसे 'वसूल' करण्यासाठी पैज दुप्पट करणे हे त्याचेच रूप होय. सलग चार वेळा हरल्यावर "आता तरी जिंकणारच" असे वाटणे हाही असाच भ्रम आहे. मागील निकालांची स्मृती सामन्याला नसते.

अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये जुगाराच्या विकाराचा समावेश व्यसनविषयक विकारांच्या गटात केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतही हा विकार नोंदविलेला आहे. त्यामुळे अशा विद्यार्थ्याकडे केवळ शिस्तभंगाच्या दृष्टीने न पाहता उपचाराची गरज असलेली व्यक्ती म्हणूनही पाहणे आवश्यक ठरते.

६. सामना खरा कशावरून ?

वरील सर्व गणित सामना प्रामाणिकपणे खेळला जातो, या गृहीतावर उभे आहे. लहान स्पर्धांत ते गृहीत डळमळीत असते. खेळाडूंचे मानधन अल्प असेल आणि त्यांच्या सामन्यांवर लागणारी रक्कम त्याच्या अनेक पटींनी अधिक असेल, तर गैरप्रकाराचा मोह निर्माण होतो. सामना हरण्याचीही आवश्यकता नसते. एखादा गेम सोडून दिला तरी पुरते. शिवाय प्रत्यक्ष गुण आणि पडद्यावरील दृश्य यांत काही सेकंदांचा विलंब असतो. खोलीत उपस्थित असलेल्यास जे कळले आहे, ते दूरच्या पैजकारास अद्याप दिसलेलेही नसते.

या संदर्भात गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यातील मोलीपूर गावाचे उदाहरण बोलके आहे. जुलै २०२२ मध्ये पोलिसांनी तेथे बनावट क्रिकेट स्पर्धा उघडकीस आणली. शेतात मैदान तयार करून, शेतमजुरांना रंगीत गणवेश घालून, कॅमेरे लावून सामने प्रक्षेपित केले जात होते आणि रशियातील लोक त्यांवर पैजा लावत होते. पैज लावणाऱ्यास ती खरी स्पर्धा वाटत होती. शेतमजुरांच्या सामन्यावर रशियातील माणूस फसू शकतो, तर मॉस्कोतील अनोळखी खेळाडूंच्या सामन्यावर चिखली-मेहकरचा तरुण फसणार नाही, असे मानण्यास आधार नाही.

७. कायद्याची चौकट

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत 'पैज व जुगार' हा विषय ३४ व्या नोंदीत आहे. महाराष्ट्रात मूळचा मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ हा आता महाराष्ट्राच्या नावाने लागू आहे. त्यातील 'जुगार' या संज्ञेत पैजेचा समावेश होतो. कलम ४ नुसार जुगाराचा अड्डा चालविणे, कलम ५ नुसार अड्ड्यावर आढळणे आणि कलम १२-अ नुसार आकड्यांचे प्रकाशन इत्यादी कृत्ये दंडनीय आहेत. निव्वळ कौशल्याच्या खेळांना कलम १३ ने वगळले आहे.

याच वगळणुकीचा आधार घेऊन अनेक कंपन्यांनी आपला व्यवहार 'कौशल्याचा खेळ' असल्याचा दावा केला. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या चमारबागवाला प्रकरणात जुगाराच्या स्वरूपाच्या स्पर्धांना व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण नाकारले, तर १९९६ च्या लक्ष्मणन प्रकरणात घोड्यांच्या शर्यती कौशल्याच्या मानल्या. टेबल टेनिस खेळणे हे निःसंशय कौशल्याचे आहे. मात्र दुसऱ्याच्या कौशल्यावर पैसे लावणाऱ्याकडे ते कौशल्य आपोआप येत नाही, हा भेद विद्यार्थ्यांना समजावून देणे आवश्यक आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन अधिनियमाने हा वाद वेगळ्या पातळीवर नेला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळास, तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, या अधिनियमाने मनाई केली आहे. असा खेळ उपलब्ध करून देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर त्याची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व ५० लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. त्यासाठी आर्थिक व्यवहार पार पाडणाऱ्यांनाही त्यात जबाबदार धरले आहे. खेळणाऱ्यास मात्र या अधिनियमात गुन्हेगार न मानता पीडित मानण्याचा दृष्टिकोन आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीने केलेली अनधिकृत पैज 'किरकोळ संघटित गुन्ह्यां'त समाविष्ट आहे.

दोन गैरसमजांचे निराकरण येथे करावेसे वाटते. पहिला असा की, ऑनलाइन पैजेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून वस्तू व सेवा कर २८ टक्के दराने आकारला गेला, म्हणून तो व्यवहार वैध ठरतो. कर लागणे व वैध असणे या दोन भिन्न बाबी आहेत. दुसरा असा की, जिंकलेली रक्कम न मिळाल्यास न्यायालयात दाद मागता येईल. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार शून्यवत असतो. जिंकलेल्या रकमेसाठी दावा दाखल करता येत नाही. हरलेली रक्कम लगेच जाते आणि जिंकलेली रक्कम मात्र समोरच्याच्या मर्जीवर राहते, अशी ही एकतर्फी व्यवस्था आहे.

८. विद्यार्थी आणि बँक खाते

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'महादेव' सह २२ बेकायदा पैज-अ‍ॅप बंद केले. अशा यंत्रणांचा एक धागा विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतो, तो म्हणजे बँक खाते. पैजेचा पैसा फिरविण्यासाठी इतरांच्या नावावरील खाती लागतात. महिना काही हजार रुपयांच्या मोबदल्यात आपले खाते, एटीएम कार्ड व सिमकार्ड दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या विद्यार्थ्याला आपण काही गैर केले असे वाटतही नाही. तपास सुरू झाल्यावर मात्र पहिले नाव त्याचेच निघते. खाते गोठविले जाते, त्याच खात्यात येणारी शिष्यवृत्ती अडकते आणि पुढे नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत अडचण उद्भवते. पैज लावणाऱ्याचे नुकसान पैशाचे असते. खाते देणाऱ्याचे नुकसान आयुष्याच्या वाटेचे होऊ शकते.

बुलढाणा जिल्ह्यातील अनेक कुटुंबांचे उत्पन्न कापूस व सोयाबीन यांच्या हंगामावर अवलंबून आहे. पैसा वर्षातून एकदाच हाती येतो आणि त्यातूनच शुल्क, खोलीभाडे व मेसचा खर्च भागवावा लागतो. शहरी नोकरदाराच्या मुलाने गमावलेले २,२५० रुपये पुढील महिन्यात भरून निघतात. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलासाठी ती रक्कम पुढील हंगामापर्यंतची उसनवारी ठरते.

९. प्राध्यापकांची भूमिका

१) संख्याशास्त्र, गणित, अर्थशास्त्र व वाणिज्य या विषयांत संभाव्यता शिकविताना नाणे व फासे यांबरोबर प्रस्तुत लेखातील ३८ व ७ टक्क्यांचे उदाहरण घेता येईल. उपदेशापेक्षा स्वतः केलेली आकडेमोड अधिक पटते.

२) राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत बँक खाते दुसऱ्यास वापरू देण्याचे धोके समजावून द्यावेत.

३) वारंवार उसने पैसे मागणे, भ्रमणध्वनी किंवा दुचाकी विकणे, शुल्क थकविणे, रात्रीचे जागरण व वर्गातील गैरहजेरी ही लक्षणे एकत्र दिसल्यास विद्यार्थ्याशी खाजगीत बोलावे. सर्वांसमक्ष विचारणा केल्यास तो अधिक लपवू लागतो.

४) मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ आणि आर्थिक सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हे क्रमांक सूचनाफलकावर कायम असावेत.

५) महाविद्यालयात टेबल टेनिसचे टेबल असल्यास ते क्रीडा विभागाच्या कुलुपात न ठेवता खेळासाठी खुले ठेवावे.

१०. निष्कर्ष

टेबल टेनिस सामन्यावरील पैज ही वरकरणी क्रीडाज्ञानाची परीक्षा भासते. वास्तविक ती लहान गुणपद्धतीतील अनिश्चितता, भावातील छुपा हिस्सा व निकालाची शीघ्रता या तीन घटकांवर उभी असलेली, पैज लावणाऱ्याच्या विरुद्ध झुकलेली व्यवस्था आहे. कायद्याने चालकावर बंधने आणली असली, तरी नवे अ‍ॅप नव्या नावाने येत राहतात. त्यामुळे बंदीइतकेच आकलनही महत्त्वाचे आहे. कापसाच्या भावापासून मटक्यापर्यंत आणि मटक्यापासून भ्रमणध्वनीपर्यंतच्या प्रवासात घटना बदलत गेली, हिशेब मात्र तोच राहिला. तो हिशेब पहिल्या दिवशीच मांडून पाहण्याची सवय विद्यार्थ्याला लागली, तर महिनाअखेरच्या ९३ जणांत त्याची गणना होणार नाही. ही सवय लावण्याचे काम वर्गातच होऊ शकते.